चाकाचं ग्रीस

बानी, ११ नोव्हेंबर

फाउस्तो,

तू फोन उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, म्हणून हे पत्र बेल्हिकाच्या हाती देतेय. ती परवा बॉस्टनला निघालीय, नेहमीसारख्या साऱ्या गल्लीच्या पिशव्या घेऊन. तिला बजावलंय की पत्र त्याच्या हातात दे आणि तो वाचेपर्यंत दारातून हलू नकोस. तेव्हा तिला आधी बसायला खुर्ची दे. तिचे गुडघे दुखतात.

ऑगस्टमध्ये आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला आलास, तेव्हा माझं केकचं मशीन कुरकुरतंय म्हणून तू ते उघडलंस. मी सांगितलं होतं का? नव्हतं. "बॉस्टनच्या अर्ध्या बसगाड्या माझ्या हाताखालून जातात, तुझ्या या डबड्याचं काय घेऊन बसलीस," असं म्हणालास, चागोच्या गॅरेजमधून डबा आणलास आणि गाडीच्या चाकाला घालतात ते ग्रीस माझ्या मशीनच्या डोक्यात ठासून भरलंस. कुरकुर थांबली, हे कबूल. सगळ्यांकडून वाहवा घेतलीस. मग भांडलास आणि गेलास.

परवा रोसेन्दोच्या नातवाच्या बाप्तिस्म्याचा केक होता. अंड्यातलं पांढरं फेटून झालं, गरम पाक धार धरून ओतला, केकवर थापायचा सुस्पीरो असा वर आला की चमचा उभा राहावा. आणि मशीनच्या दांड्यावरून एक काळा थेंब घरंगळत आला नि पातेल्यात पडला. एकच थेंब! फेस माझ्या डोळ्यांदेखत बसला, पाणी झालं. तुपातेलाचा थेंब सुस्पीरोला खपत नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण फेस बसला हे मी नशीबच समजते. नसता बसला तर ते काळं विष मी बाप्तिस्म्याच्या पाहुण्यांना चारलं असतं. चागोच्या डब्यावर छापलंय, पोटात गेल्यास डॉक्टरकडे न्या. त्यानेच वाचून दाखवलं, तेही हसत हसत. त्याचे दात काढून हातात देणार होते.

मी केक मोडीत काढला आणि रोसेन्दोच्या बायकोसमोर मान खाली घालून उभी राहिले. तुझ्यामुळे.

आता ऑगस्टचं. मी सगळ्यांदेखत "तू बाप नाहीस, पार्सल आहेस" असं म्हटलं, म्हणून तुला राग आलाय. येऊ दे. आजही तेच म्हणते. डारिएलाची आई वारली तेव्हा पोर चार वर्षांची होती. तू तिला माझ्या कडेवर दिलंस आणि गेलास. त्यानंतर दर नाताळला तुझं निळं पिंप आलं, तांदूळ, साबण, बूट, बाहुल्या, सगळं भरून. तू स्वतः तीनदा आलास. त्यातलं एकदा आईला पुरायला, तेही पुरून झाल्यावर.

पोरीचं लग्न जानेवारीच्या सत्तावीसला आहे हे बेल्हिकाने तुला सांगितलं असेलच, ती काय पोटात ठेवणारी बाई आहे? मी तुला बोलावत नाहीये. डारिएलाने माझ्याकडून शपथ घेतलीय. "आत्या, पपांना कुणी बोलवायचं नाही. त्यांना यायचं असेल तर ते विचारतील." आता मुलीच्या लग्नाला बापाने विचारून यायचं असतं का, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "मग मी आणखी किती वर्षं विचारायचं?" म्हणून मी फक्त ग्रीसबद्दल लिहितेय.

लग्नाचा केक मीच करणार, तीन मजली, आणि एवढा सुस्पीरो हाताने फेटायचा तर खांद्यातून हात निखळेल. मशीनला चालेल असं ग्रीस इथे मिळत नाही. बॉस्टनमध्ये सगळं मिळतं म्हणतोस ना? मग खाण्याच्या मशीनमध्ये चालणारं ग्रीस पाठव. डब्यावर तसं लिहिलेलं असायला हवं. लिहिलेलं नसेल तर पाठवू नकोस.

एर्सीलिया

बानी, ३० नोव्हेंबर

फाउस्तो,

पालथ्या घड्यावर पाणी.

बेल्हिका काल आली. तुझा डबा दिला. लाल ग्रीस, वर ट्रकचं चित्र! मी बेल्हिकाला विचारलं, पत्र वाचलं का त्याने? म्हणाली, "वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाला, याच्यापेक्षा भारी ग्रीस अख्ख्या अमेरिकेत नाही, सांग तिला." अरे पण मी भारी मागितलं होतं का? मी काय केक घेऊन डोंगर चढणार आहे? ट्रकचं चित्र असलेलं ग्रीस मी नवरीच्या केकवर थेंब थेंब पाडू? चिठ्ठीही नाही, दोन ओळी नाहीत. डब्याबरोबर तोंडाला कुलूप पाठवलंस.

बरं, तू नाहीस म्हणून गल्ली काही स्वस्थ बसलेली नाही. सतरा जणांचे सतरा सल्ले. मी मधल्या काळात मशीनचं डोकं उघडून तुझा काळा चिखल निम्माशिम्मा पुसून काढला होता. लगेच शेजारची ओनेलिया डुकराची चरबी घेऊन आली. "खायचीच आहे, विष कसलं त्यात?" मलाही पटलं, माझी अक्कल चरायला गेली होती. आठवड्यात मशीनला असा खवट वास सुटला की मांजरंही स्वयंपाकघरात यायची बंद झाली, आणि आतल्या चाकांच्या दातांवर डिंकासारखं चिकट साचलं. गोडं तेल घातलं असतं तरी तेच झालं असतं, खाण्याची वस्तू ती, कुजणारच. मग औषधाच्या दुकानातून व्हॅसलीन आणलं. ते कुजत नाही, पण मशीन जरा तापलं की पातळ होतं आणि दांड्यावरून खाली येतं.

आणि मग आपली नेनामावशी. मी बाजारात गेले होते. ती आली, मशीन सुरू करून त्याचं किंचाळणं ऐकलं, कनवटीची बामाची डबी काढली आणि दांड्याला, चाकाला, बोट जाईल तिथे चोळली. सर्दीला बाम, गुडघ्याला बाम, प्रेमभंगाला बाम, तर मशीनला का नाही? मला न सांगता घरी निघून गेली. त्या दिवशी मी विल्किनच्या आईला चवीसाठी छोटा केक करून दिला. विल्किन म्हणजे आपला होणारा जावई, तुला नाव तरी माहीत असू दे. ती बाई एक घास खाऊन म्हणाली, "छान आहे हो. नाकसुद्धा मोकळं झालं."

डारिएला हसून हसून जमिनीवर बसली. मीही हसले असते, पण विहिणीसमोर लाज गेली त्याचं काय? मावशीला बोलले तर ती उलट म्हणाली, "माझ्या बामाने कुणी मेलं का? तुझ्या भावाच्या ग्रीसने मेलं असतं."

तेव्हा पुन्हा सांगते, शेवटचं. तीन गोष्टी हव्यात. पोटात गेलं तरी बाधू नये. कुजू नये. आणि घट्ट असावं, तापलं तरी खाली उतरू नये. असं ग्रीस असतं. आइस्क्रीमवाल्या किरिकोकडे आहे, पांढरं, त्याच्या मशीनसाठी. त्याने मला डबा दाखवला, वास घेऊ दिला, आणि चमचाभर मागितलं तर छातीशी धरून आत ठेवून आला. कवडीचुंबक.

डारिएला बरी आहे. तुझ्याबद्दल विचारत नाही. मीच सांगते, बापाने ट्रकचं ग्रीस पाठवलं, तर म्हणते, "बरं."

एर्सीलिया

बानी, २१ डिसेंबर

फाउस्तो,

पिंप आलं. या वेळी पिंपाबरोबर खोकंही आलं.

गल्लीतल्या चौघांनी मिळून उचलून आणलं, अर्धी गल्ली बघायला जमली. वर चित्र, चकचकीत लाल, नवं कोरं केकचं मशीन. ओनेलिया म्हणाली, "बघ, असा भाऊ हवा." मला वाटलं तिच्या डोक्यात ते खोकंच घालावं. मी काय मागितलं होतं, फाउस्तो? मुठीत मावेल एवढा डबा! दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे. तुला वाटतं हे मोठ्या मनाचं लक्षण आहे. मला वाटतं तुला माझं पत्र वाचायचा कंटाळा आला.

पण माझं सोड. डारिएला शाळेतून शिकवून आली. आवाज ऐकून हसत आत शिरली, खोकं बघितलं आणि तिचा चेहरा असा उतरला की ओनेलियाचंही बोलणं थांबलं. म्हणाली, "पपा येत नाहीयेत, आत्या."

मी म्हटलं, कोण म्हणालं?

"मोठं खोकं आलं की ते येत नाहीत. पंधराव्या वाढदिवसाला सायकल आली होती. पदवी मिळाली तेव्हा कपाटाएवढा टीव्ही आला होता. यात फेटलेला केक मी खाणार नाही, आणि तू त्यात फेटणार असशील तर केकच नको." आणि खोलीत जाऊन दार लावलं. तिच्या रडण्याचा आवाज येत नाही, लहानपणापासून नाही. उशीत तोंड खुपसते. हे तुला माहीत नाही, कारण हे पिंपातून पाठवता येत नाही.

मी खोक्याचा दोरसुद्धा सोडलेला नाही. मला रडू आलं, आणि रागही आला, आणि वर ओनेलियाला चहा करावा लागला.

आता ऐक. त्या लाल मशीनला मी हात लावणार नाही, आणि जुनं या अवस्थेत चालणार नाही. चागो म्हणतो, सहा जानेवारीचा तीन राजांचा सण झाला की तो येऊन उघडेल. तुझ्याबद्दल काय म्हणाला सांगू? "फाउस्तोने दुप्पट भरलंय. बॉस्टनमध्ये बसगाड्यांना ग्रीस लावतात की ग्रीसात बुडवतात?" गॅरेजमधले सगळे हसले. मी तुझी बहीण, मला तिथे तोंड मिटून उभं राहावं लागलं. तो म्हणतो त्याच्याकडे एक उरलेला डबा आहे, रंग पांढरा आहे, म्हणजे चालेल. डब्यावरचं लेबल गेलंय. मी हो म्हणून टाकलंय. दुसरं काय करू?

नाताळच्या शुभेच्छा. तांदूळ चांगला आहे. बूट माझ्या मापाचे नाहीत.

एर्सीलिया

बानी, ११ जानेवारी

फाउस्तो,

चागोचं नाव काढल्यावर लगेच जाग आली! दोन पत्रं लिहिली, ग्रीस म्हणजे काय ते समजावून सांगितलं, पोरीचं सांगितलं, तुझ्या अंगावर काटा आला नाही. चागो मशीन उघडणार म्हटल्यावर आठवड्यात बेल्हिकाच्या भाच्याबरोबर डबा हजर. लहान डबा, पांढरं ग्रीस, वर स्पष्ट छापलंय, खाद्यपदार्थांच्या यंत्रांसाठी. हे तुला नोव्हेंबरात जमलं असतं.

आणि बरोबर कागद. वर्षानुवर्षांत तुझ्या हातचा पहिला कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला. मला वाटलं आता काहीतरी माणसासारखं लिहिलं असेल. डोंबल! मशीनचं चित्र, बाण, आकडे, कुठला स्क्रू आधी, कुठला नंतर. वर नाव माझं नाही, "डारिएला" असं लिहिलंस. "आत्याला हात लावू देऊ नकोस, चागोला तर नाहीच. तू कर. अडलं तर फोन कर."

तिने कागद दोन्ही बाजूंनी वाचला. मग केस बसवायला लावलेल्या गुंडाळ्यांसकट टेबलाशी बसली, जुनी चादर पसरली, मशीन आडवं घातलं आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवून लावला. तुझा आवाज आला तेव्हा मी दाराबाहेर मसूर निवडत होते. निवडत होते म्हणजे ताटात हात होता. तुमचं सगळं ऐकलं, कान काय बंद करून ठेवू?

"सगळं खरवडून काढलंस का?"

"काढलं."

"कोपऱ्यातलं?"

"पपा, काढलं म्हटलं ना."

"दाखव. ते काळं काय दिसतंय? ते काढायला तुझी आजी वरून येणार आहे?"

ती हसली. मी कित्येक महिन्यांत तिला तुझ्याशी बोलताना हसलेलं ऐकलं नव्हतं.

"जुनं राहिलं तर नव्यात मिसळतं, आणि मग दोन्ही पातळ होऊन गळतात. फडकं घे. दातांच्या मधून फिरव. घाई नाही."

"हे काय चिकट आहे? आणि बामाचा वास येतोय."

"बामाचा?"

मग तिने तुला नेनामावशीचं सांगितलं, आणि तू असा हसलास की फोन खरखरला.

"किती भरू?"

"दात झाकतील एवढंच. ठासायचं नाही."

"तुम्ही ठासलं होतंत."

तू म्हणालास, "हो. मी ठासलं होतं. थोडं घातलं की मला वाटतं, काहीच केलं नाही."

झाकण बसवलं, स्क्रू आवळले, मशीन सुरू केलं. ना कुरकुर ना थेंब. तिने पांढऱ्या कागदाचा तुकडा खाली धरून ठेवला होता, तो कोरा राहिला. "झालं, पपा." "झालं." "बरं मग." "बरं." आणि ठेवलात फोन! दोघांनीही! अरे, सबंध दुपार बोललात आणि लग्न हा शब्द दोघांच्या तोंडून निघाला नाही. जशी मुलगी तसा बाप, मिठाची गुळणी धरून बसणारे. मी ताट आपटलं, मसूर सगळीकडे सांडले.

आत गेले तर ती काळे हात धरून बसली होती. म्हणाली, "आत्या, त्यांनी विचारलं नाही."

मी शपथ मोडत नाही. बोलावत नाही. पण तुझ्यावर इतकी चिडलेय की सांगता येत नाही.

एर्सीलिया

बानी, ३० जानेवारी

फाउस्तो,

तू आत झोपलायस, आणि मी हे पत्र तुझ्या पिशवीत घालतेय, शर्टांच्या खाली. विमानात वाच. तोंडावर बोलले तर तू मध्येच बोलतोस, आणि मलाही मग फक्त भांडणच सुचतं.

आधी तक्रारी. लग्नाच्या सकाळी मी तिसरा मजला रचत असताना तू माझ्या मशीनचं झाकण पुन्हा काढायला बसलास, "एकदा बघून घेतो" म्हणून. मी उलथनं मारलं ते बरोबरच मारलं. चर्चच्या पायऱ्यांवर चागोशी ग्रीसवरून हुज्जत घातलीस, सूट घालून, पाद्रीबाबांसमोर. मेजवानीत बकऱ्याच्या रश्शाला नावं ठेवलीस आणि तीनदा वाढून घेतलास. लाल मशीनचं खोकं अजून माझ्या दारात आहे, त्याचं काय करायचं ते सांगितलं नाहीस. मी ते ओनेलियाला देणार, तिला असा भाऊ हवा होता ना.

सुस्पीरो कसा झाला ते तू बघितलंस. त्याबद्दल मी काही बोलत नाही, लोक बोलताहेत.

आता दुसरं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तू डारिएलाला फोन केलास. गळतंय का, विचारलंस. नाही, म्हणाली. मग म्हणालास, "चर्चमध्ये तुझ्या शेजारी चालायला कुणी ठरलंय का?" ती म्हणाली, "नाही." "मी चाललो तर चालेल?" फोन ठेवून ती माझ्याकडे आली आणि या वेळी उशीबिशी काही शोधली नाही. माझा खांदा भिजवला. फाउस्तो, तेवढं विचारायला तुला इतकी वर्षं लागली, हे आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

विमानतळावर आम्ही उभ्या होतो. लोक बाहेर येत होते, एकेकाच्या गाडीवर चार चार बॅगा, दोरीने बांधलेली खोकी. आणि तू आलास, खांद्याला एक शाळकरी पोराची असावी तेवढी पिशवी. बॉस्टनहून आलेला माणूस आणि हातात काही नाही! मी बानीत असं कधी बघितलेलं नाही. तुझा चेहरा चोरी करताना सापडल्यासारखा. आम्हाला भेटण्याआधीच तू बोलायला लागलास, "घाईत तिकीट काढलं, काही आणता आलं नाही. दर वेळी वाटायचं, बॅगा भरल्याशिवाय घरी कुठल्या तोंडाने जायचं. भरायच्या राहिल्या की यायचंही राहायचं."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं तू खोकं पाठवून सुटतोस. तू हे तोंडाने कधी सांगितलं नाहीस, मूर्खा, मग मला कळणार कसं?

डारिएलाने तुझी ती पिशवीसुद्धा काढून माझ्याकडे दिली आणि तुझे दोन्ही हात धरले.

"बरं झालं काही आणलं नाहीत, पपा," ती म्हणाली. "नाहीतर मी धरलं कुठे असतं?"

एर्सीलिया